साइक्स कुठले? एका इंग्रजी आडनावाचे मूळ शोधण्याची सविस्तर रीत

पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या खडकाळ माळरानावर पक्षी पाहणाऱ्यांना साइक्सचा चंडोल ओळखीचा असतो. साइक्सचा रातवा आणि साइक्सचा वटवट्या हेही त्याच माणसाच्या नावाचे पक्षी. कोल्हापुरात साइक्स एक्स्टेंशन ही वस्ती आहे. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदी सर फ्रेडरिक साइक्स होते. पश्चिम आशियाचे तुकडे पाडणारा १९१६ चा साइक्स-पिको करार तर वर्तमानपत्रांतून वारंवार भेटतो. एकच आडनाव इतक्या ठिकाणी दिसले की ही सगळी माणसे एका घरची असावीत असे वाटायला लागते. ती तशी आहेत का, आणि साइक्स मुळात कुठले, हे कसे शोधायचे ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

ही रीत बहुतेक इंग्रजी आडनावांना लागू पडते. तरी मी साइक्स निवडले, कारण या आडनावाचा माग कागदोपत्री चांगला लागतो आणि डीएनए चाचणीने तपासल्या गेलेल्या अगदी पहिल्या इंग्रजी आडनावांत ते आहे. त्या चाचणीतून जे निघाले, त्याने आडनावांच्या अभ्यासातली एक जुनी समजूत हलवली.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आडनावाचा अर्थ सापडला की शोध संपला, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते अर्थ ही या कामातली सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी गोष्ट आहे. आडनाव कोणत्या मातीत दाट उगवले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचे मूळ कळत नाही.

पायरी पहिली: अर्थ पाहा, पण तिथे थांबू नका

इंग्रजी आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची. बापाच्या नावावरून आलेली, धंद्यावरून आलेली, टोपणनावावरून आलेली आणि जागेवरून आलेली. जागेवरून आलेल्यांत पुन्हा दोन पोटभेद आहेत. काही आडनावे एखाद्या ठरावीक गावाची असतात. अॅटनबरो हे त्यातले, नॉटिंगहॅमशरमधल्या त्याच नावाच्या गावावरून आलेले. दुसऱ्या पोटभेदात नुसती भूमीची खूण असते: टेकडी, ओढा, रान, पूल. साइक्स या दुसऱ्या गटात येते.

उत्तर इंग्लंडच्या बोलीत साइक म्हणजे बारीक ओहळ किंवा पाणथळ जागेतला चर. हा शब्द जुन्या इंग्रजीत होता आणि व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतही होता. उत्तरेत तो क ने संपतो, मध्य आणि दक्षिण इंग्लंडमध्ये त्याचेच रूप सिच असे होते. म्हणून सिच आडनावाचे घराणे साइक्सांचे नातलग समजू नका, पण शब्द एकच आहे हे लक्षात ठेवा. असे ओहळ बहुधा दोन शेतांची किंवा दोन गावांची हद्द म्हणून वापरले जात. ओहळाकाठी राहणारा तो 'डेल साइक', म्हणजे ओहळाकडचा. पुढे 'डेल' गळून पडला आणि शेवटी स लागला. जागेवरून आलेल्या एका अक्षरगटाच्या बऱ्याच उत्तरी आडनावांना असा स नंतर चिकटलेला दिसतो.

इथपर्यंत कोणताही आडनावकोश तुम्हाला आणून सोडेल. २०१६ मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा मोठा कोश काढला. त्यात ४५,००० हून अधिक आडनावे आहेत आणि जुन्या नोंदींचे दाखलेही आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना तो पुष्कळदा स्थानिक वाचनालयाच्या सभासदत्वावर संगणकावर उघडता येतो. घराण्याचे चिन्ह छापलेली ढाल विकणाऱ्या दुकानांपासून मात्र लांब राहा. इंग्लंडमध्ये ढालचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला आणि तिच्या सरळ पुरुषवंशाला मिळते. तो कारभार १४८४ पासून लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स पाहते.

अर्थातून एक तर्क मात्र निघतो. ओहळ उत्तर इंग्लंडभर हजारो असणार. मग साइक्स घराणीही जागोजागी वेगवेगळी उगवली असणार. आडनावांचे अभ्यासक कित्येक वर्षे असेच मानत होते. तर्क चोख आहे, आता तो नकाशावर घासून पाहायचा.

पायरी दुसरी: १८८१ चा नकाशा

इंग्लंड-वेल्सची जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते. माणसागणिक नावे मात्र सर्वत्र १८४१ पासून मिळतात. आडनावाच्या मुळाचा विचार करताना १८८१ ची जनगणना सर्वांत उपयोगी, कारण स्वयंसेवकांनी ती पूर्ण उतरवून काढली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या भूगोलाच्या संशोधकांनी तिच्यावरून आडनावांचे नकाशेही तयार केले आहेत.

१८८१ पर्यंत रेल्वे आली होती, गिरण्या आल्या होत्या, माणसे हलली होती. तरीही बहुतेक कुटुंबे आपल्या मूळ मुलखापासून फार दूर गेली नव्हती. त्यामुळे आडनावांचे जुने पुंजके त्या नकाशावर अजून शाबूत दिसतात.

साइक्सचा नकाशा काढलात तर रंग एका जागी गडद होतो. ती जागा म्हणजे यॉर्कशरचा पश्चिम भाग, ज्याला वेस्ट रायडिंग म्हणत, आणि त्यातही हडर्सफील्डचा परिसर. तिथून हॅलिफॅक्स, ड्यूजबरी, लीड्सकडे रंग फिका होत जातो, आणि पेनाइन डोंगर ओलांडून सॅडलवर्थ, ओल्डमकडे, म्हणजे लँकशरच्या बाजूला, उतरतो. विनोदी नट एरिक साइक्स १९२३ मध्ये ओल्डमलाच जन्मले. दक्षिण इंग्लंड मात्र जवळजवळ कोरे.

नकाशा पाहताना एक काळजी घ्या. नुसते आकडे पाहिले तर लंडन, मँचेस्टर, लीड्स ही मोठी शहरे दर आडनावाच्या यादीत वर येतात, कारण तिथे माणसेच जास्त. म्हणून दर हजार लोकांमागे त्या आडनावाचे किती, हे पाहायचे. साइक्सच्या बाबतीत तसे पाहिले की हडर्सफील्डच्या पश्चिमेचे कोल्न नदीचे खोरे उठून दिसते: स्लेथवेट, गोल्कर, लिन्थवेट, मार्सडन. यांतले स्लेथवेट हे नाव लिहिताना लांबलचक असले तरी तिथले लोक त्याला 'स्लॉविट' म्हणतात. जुन्या कागदांत कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते, म्हणून स्थानिक उच्चार माहीत असणे फार कामाचे.

तर्क म्हणत होता की आडनाव उत्तरेत सर्वत्र विखुरलेले असायला हवे. नकाशा एका खोऱ्याकडे बोट दाखवतो. ही विसंगती जपून ठेवा, ती पुढे उपयोगी पडते.

पायरी तिसरी: माहीत असलेल्या माणसापासून मागे चला

तुमच्याकडे एखादा नेमका साइक्स असेल, मग तो शेजारी असो, सून असो, अभ्यासाचा विषय असो, तर त्याच्यापासून एकेक पिढी मागे जायचे. वरून खाली यायचे नाही. इतिहासातला एखादा मोठा साइक्स पकडायचा आणि त्याच्यापासून आपल्या माणसापर्यंत रेघ ओढायची, हा मोह सर्वांना होतो. अशा रेघा हमखास खोट्या निघतात.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. तिची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. सूचीत वर्षाचे चार भाग असतात, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, आणि नोंद जन्माच्या दिवसाची नसून नोंदणीच्या तिमाहीची असते. डिसेंबरातले मूल पुष्कळदा पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडते. सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीत आता १८३७ पासून आईचे माहेरचे आडनावही मिळते. साइक्ससारख्या दाट आडनावात तोच मोठा आधार, कारण एकाच तिमाहीत एकाच जिल्ह्यात दोन-तीन जॉन साइक्स जन्मलेले आढळतात आणि त्यांना वेगळे काढायला आईचे आडनावच कामी येते.

विवाहाचा दाखला सर्वांत मोलाचा. त्यावर वधू आणि वर दोघांच्या वडिलांची नावे व धंदे असतात. आयांची नावे मात्र मे २०२१ पासूनच लिहू लागले आहेत. जन्मदाखल्याने आई-बाप कळले, त्यांचा विवाहदाखला मिळाला, त्यातून दोन्ही आजोबा मिळाले, असे पुढे सरकायचे.

मधली जागा जनगणनेने भरायची. १८५१ पासून प्रत्येकाचे नेमके जन्मगाव आणि घरप्रमुखाशी नाते लिहिलेले असते. १८४१ ची यादी मात्र जपून वापरा. तिच्यात पंधरा वर्षांवरच्यांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, नाते लिहिलेले नाही, आणि जन्मगावाऐवजी 'याच काउंटीत जन्म झाला का' एवढेच उत्तर आहे. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची कागदपत्रे १९४२ मध्ये आगीत गेली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. ती पोकळी १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने बऱ्यापैकी भरते.

शोधताना लेखनभेद सोडू नका: साइक्स वाय ने आणि आय ने, शेवटी ई असलेले आणि नसलेले, स लागलेले आणि न लागलेले. एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याला एका तऱ्हेने आणि दफनाला दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते. 'आम्ही वायवाले, ते आयवाले, म्हणून घराणी वेगळी' या समजुतीला एकोणिसाव्या शतकाआधी काहीही अर्थ नाही.

पायरी चौथी: चर्चच्या वह्या आणि डझनावारी जॉन

खरी कसोटी इथे लागते, म्हणून इथे जरा थांबतो.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. पहिल्या वह्या सगळीकडे टिकल्या नाहीत. १५९८ पासून दरवर्षी बिशपकडे एक प्रत पाठवायची पद्धत पक्की झाली, त्यामुळे मूळ वही हरवली तरी कधी कधी ती प्रत सापडते. वेस्ट यॉर्कशरच्या चर्चच्या वह्या वेकफील्डच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांची छायाचित्रे अॅन्सेस्ट्री या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. ब्रिटनमधल्या बऱ्याच वाचनालयांत अॅन्सेस्ट्री फुकट वापरू देतात, घरी वर्गणी भरण्याआधी तिथे जाऊन पाहा.

स्लेथवेट हे तेव्हा स्वतंत्र पॅरिश नव्हते. तिथे छोटे चॅपल होते आणि गावाचा प्रदेश हडर्सफील्ड व आमंडबरी या मोठ्या पॅरिशांत वाटलेला होता. एकाच कुटुंबाची तीन मुले तीन वह्यांत असू शकतात. त्यात या खोऱ्यात बाप्टिस्ट आणि इतर स्वतंत्र पंथांचा जोर होता. पोल मूरवरचे बाप्टिस्ट चॅपल प्रसिद्ध आहे. अशा कुटुंबांच्या मुलांचा बाप्तिस्मा सरकारी चर्चमध्ये सापडत नाही, पण १७५४ नंतर त्यांचे विवाह मात्र तिथेच सापडतात. त्या वर्षी लागू झालेल्या कायद्याने क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना सरकारी चर्चमध्येच लग्न लावणे भाग पडले होते. पंथांच्या आपापल्या वह्या १८३७ नंतर सरकारजमा झाल्या आणि आता लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

तारखा वाचताना सांभाळा. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कागदोपत्री नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १७३५ च्या वहीतला फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३६ चा. टिपताना १७३५/३६ असे दोन्ही लिहा. नाहीतर लग्नाआधी मूल झाल्याचे किंवा बाप मेल्यावर दोन वर्षांनी मूल झाल्याचे चुकीचे निष्कर्ष निघतात. १७३३ च्या आधीच्या बऱ्याच वह्या लॅटिनमध्ये आहेत, पण त्यांना घाबरू नका. 'फिलियस' म्हणजे मुलगा, 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'उक्सोर' म्हणजे बायको, 'सेपुल्तुस' म्हणजे पुरलेला, एवढ्या शब्दांवर पुष्कळ काम भागते. १६४२ ते १६६० या यादवीच्या काळात वह्यांत मोठी भगदाडे आहेत. तिथे धागा तुटला तर मृत्युपत्रांकडे वळा. उत्तर इंग्लंडची १८५८ पूर्वीची असंख्य मृत्युपत्रे यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

आता जॉनांचा प्रश्न. कोल्न खोऱ्यात अठराव्या शतकात मुलग्यांना जॉन, जेम्स, विल्यम, जोसेफ, थॉमस अशी मोजकीच नावे ठेवत. आडनावे साइक्स, शॉ, टेलर, बेली अशी मोजकीच. परिणामी एका दशकात 'जॉन, जॉन साइक्सचा मुलगा' ही नोंद पुन्हा पुन्हा येते. यातून आपला जॉन निवडायचा कसा?

माझी पद्धत अशी. पॅरिशमधल्या सगळ्या साइक्स नोंदी आधी उतरवून घ्यायच्या, फक्त आपल्याला हव्या तेवढ्या नव्हे. मग प्रत्येक जॉनला त्याच्या वस्तीचे नाव, धंदा आणि बायकोचे नाव जोडायचे. या डोंगराळ भागात दाट गावठाणे कमी आणि सुट्या वस्त्या फार, आणि चांगल्या कारकुनाने वस्ती लिहिलेली असते. मग दफनांची वही उघडून लहानपणी गेलेले जॉन एकेक करून बाजूला काढायचे. हे काम मनाला जड जाते, कारण त्यांची संख्या मोठी असते. पण हेच वगळले की लोक बालपणीच गेलेल्या मुलाला स्वतःचा खापरपणजोबा करून टाकतात. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींतल्या चुकांपैकी पुष्कळ चुका याच जातीच्या आहेत. वाचलेल्या जॉनांना मग विवाहांशी जुळवायचे. शेवटी दोन जॉन उरले आणि निवड करता येत नसेल, तर दोघांनाही कागदावर ठेवायचे आणि मृत्युपत्र, भाडेपट्टा किंवा थडग्यावरचा मजकूर मिळेपर्यंत वाट पाहायची.

यॉर्कच्या धर्मप्रांतात एक दुर्मीळ सोय आहे. विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या नोंदीत आजी-आजोबांची नावेही लिहायची पद्धत सुरू केली आणि १७७७ मध्ये आर्चबिशप मार्कम यांनी ती सगळ्या प्रांताला सांगितली. गर्दीच्या पॅरिशांनी ती फारशी पाळली नाही. १८१३ पासून छापील रकाने आले आणि ती थांबली. तुमच्या कुटुंबाची एखादी नोंद या काळात अशा वहीत सापडली, तर एका ओळीत तीन पिढ्या मिळतात.

एका गावात एकाच आडनावाची इतकी माणसे झाल्यावर गावकरी आडनाव वापरतच नसत. ते बापाचे नाव लावून बोलत. जॅकचा मुलगा बिल तो 'बिल ओ जॅक्स'. सॅडलवर्थच्या डोंगरावर याच नावाने ओळखली जाणारी एक खानावळ होती आणि १८३२ मध्ये तिथे झालेल्या बाप-लेकाच्या खुनामुळे ते नाव सगळ्या इंग्लंडला कळले. जुन्या स्थानिक कागदांत असे बोलीतले नाव दिसले तर ते टाकू नका, त्यात आज्यापर्यंतची वंशावळ दडलेली असते.

लोक खोऱ्यात टिकून का राहिले, हेही इथेच समजते. जमीन नापीक, पण पाणी मऊ आणि मुबलक, शेळ्यामेंढ्या जवळ. घरोघरी थोडी शेती आणि माडीवर हातमाग असे. लोकरी कापड विणायचे आणि हडर्सफील्डच्या बाजारात न्यायचे. दोन्ही हातांनी कमावता येत असल्याने धाकट्या मुलांनाही गाव सोडावे लागत नव्हते. गिरण्या आल्या त्याही तिथेच, ओढ्यांच्या काठी. म्हणून एकेका आडनावाची माणसे त्याच दरीत शेकड्यांनी वाढली.

पायरी पाचवी: १५३८ च्या मागे

इथून पुढे एका कुटुंबाची सलग साखळी क्वचितच मिळते. आता शोध आडनावाचा करायचा.

१६६२ ते १६८९ या काळात इंग्लंडमध्ये चूलपट्टी होती, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. वेस्ट रायडिंगची १६७२ ची यादी छापून आली आहे. त्यात कोणत्या गावात किती साइक्स होते आणि त्यांच्या घरी किती चुली होत्या हे दिसते. त्याहून जुनी म्हणजे १३७९ ची डोईपट्टी. सोळा वर्षांवरच्यांवर, जोडप्यामागे किंवा एकट्यामागे किमान चार पेनी. वेस्ट रायडिंगची ही यादी इतकी चांगली टिकली आहे की उत्तरी आडनावांच्या अभ्यासात तिला तोड नाही. 'डेल साइक' ही रूपे तिथे शोधायची. पण एक ध्यानात ठेवा, त्या काळी उत्तरेत आडनावे अजून पक्की होत होती. १३७९ मध्ये ओहळाकडचा म्हणून नोंदलेल्या माणसाचा मुलगा दुसऱ्याच नावाने ओळखला गेला असण्याची शक्यता पुरेपूर आहे.

याच्याही मागे जायचे तर मॅनरच्या, म्हणजे जमीनदारीच्या, कोर्टाचे दप्तर. वेकफील्ड मॅनरचे असे दप्तर १२७४ पासून जवळजवळ सलग आहे. कुणाची गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली, कुणी बांध सरकवला, कुणी जमीन मुलाच्या नावे केली, हे सगळे त्यात आहे. बरेच गुंडाळे इंग्रजीत भाषांतर करून छापले आहेत आणि मूळ लीड्स विद्यापीठात ठेवले आहेत. जमीन एकाच आडनावाच्या हातांत पिढ्यान् पिढ्या जाताना दिसली, तर ते आडनाव वंशपरंपरेने चालू लागल्याचा तो सर्वांत भक्कम पुरावा.

पायरी सहावी: डीएनएची साक्ष

मघाची विसंगती आता काढू. अर्थ सांगत होता अनेक मुळे, नकाशा सांगत होता एक खोरे.

ऑक्सफर्डमधले जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी हा प्रश्न स्वतःच्याच आडनावावर सोडवून पाहिला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, इंग्रजी आडनावही तसेच जाते. मग एका आडनावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र जुळते का? त्यांनी यॉर्कशर, लँकशर, चेशरमधल्या ४८ साइक्स पुरुषांचे नमुने तपासले. २१ जणांचे, म्हणजे जवळजवळ निम्म्यांचे, वाय गुणसूत्र एकसारखे निघाले आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर इंग्रजांत तो नमुना आढळला नाही. २००० साली हे प्रसिद्ध झाले. अनेक ओहळांवरून अनेक घराणी, ही समजूत त्याने हलली. त्यांनी औषधकंपनी ग्लॅक्सोचे तेव्हाचे अध्यक्ष, हडर्सफील्डचे सर रिचर्ड साइक्स यांचाही नमुना घेतला होता. दोघांना एकमेकांशी कोणतेही नाते ठाऊक नव्हते, तरी वाय गुणसूत्र जुळले.

उरलेल्या निम्म्यांचे काय? दत्तक, विवाहबाह्य जन्म, आईचे आडनाव लावलेली मुले, सावत्र बापाचे नाव घेतलेली मुले. दर पिढीत असे फार थोडे घडले तरी सात शतकांत त्याची बेरीज मोठी होते. त्या अभ्यासात हे प्रमाण पिढीमागे १.३ टक्के धरले आहे. शिवाय काही साइक्स खरोखर दुसऱ्या ओहळांवरचे असतील. आरंभी साइक म्हणवणारी घराणी अनेक असली तरी, १३४८-४९ ची प्लेगची साथ आणि पुढच्या काळात नुसते मुलगे न होणे यांमुळे बहुतेक पुरुषवंश विझले आणि एखादाच फोफावला, असेही घडू शकते. आडनावे कशी नाहीशी होतात याचे गणित गॉल्टन आणि वॉटसन यांनी १८७४ मध्येच मांडले होते.

२००९ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. अॅटनबरोसारख्या विरळ आडनावात बहुतेकांचे वाय गुणसूत्र एकाच मुळाचे निघाले. स्मिथ आडनावाचे पुरुष मात्र वाटेल त्या दोन अनोळखी इंग्रजांइतकेच परस्परांशी संबंधित. तेव्हा चाचणीवर पैसे खर्चण्याआधी आडनाव किती विरळ आणि किती एकवटलेले, हे दुसऱ्या पायरीवर पाहून घ्या.

चाचणी करायची तर वायची करा. सरसकट विकली जाणारी पूर्वजांच्या टक्केवारीची चाचणी या कामाची नाही. २००० च्या अभ्यासात वाय गुणसूत्रावरच्या चारच खुणा, म्हणजे तुलनेसाठी पाहायच्या ठरावीक जागा, तपासल्या होत्या. आज ३७ किंवा अधिक खुणांची चाचणी मिळते आणि ती घेणेच योग्य. स्त्रियांमध्ये वाय गुणसूत्र नसते, म्हणून भाऊ, वडील किंवा काका यांना विचारावे लागते. त्यांना आधी मोकळेपणाने सांगा की निकालातून घरातली एखादी झाकलेली गोष्ट बाहेर येऊ शकते. त्यांनी नको म्हटले तर तो विषय तिथेच सोडा.

पायरी सातवी: खोऱ्याबाहेर गेलेले साइक्स, आणि आपल्याकडचे

आडनाव मुलखाबाहेर दिसले की ते तिथे कसे गेले, हे प्रत्येक वेळी वेगळे शोधावे लागते. साइक्स-पिको करारातले मार्क साइक्स हे यॉर्कशरच्या पूर्व भागातल्या स्लेडमिअरचे जमीनदार. ते घराणे लीड्सच्या कापडव्यापारातून हलच्या बंदरात आणि तिथून लग्नसंबंधाने स्लेडमिअरला पोचले. बर्कशरमधल्या बॅसिल्डन पार्क या प्रासादाचे मालक सर फ्रान्सिस साइक्स यांनी तो बंगालमधल्या कमाईवर बांधला. ते जन्माने ड्यूजबरीजवळच्या थॉर्नहिलचे. अमेरिकेत आज साइक्स आडनावाचे असंख्य कृष्णवर्णीय नागरिक आहेत, कलावंत वांडा साइक्स त्यांतल्याच. तिथे आडनाव गुलामगिरीच्या काळात मालकाकडून येऊ शकते, इतर वाटांनीही येऊ शकते. यॉर्कशरच्या रक्ताशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

महाराष्ट्रातले दोन प्रसिद्ध साइक्सही असेच अलग ठेवायचे. गव्हर्नर फ्रेडरिक साइक्स १८७७ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनला जन्मले आणि १९२८ ते १९३३ इथे होते. चंडोलवाले साइक्स म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. ते १७९० मध्ये जन्मले. घराणे ब्रॅडफर्डजवळच्या फ्रिझिंगहॉलचे, म्हणजे खास साइक्स मुलखातले. मुलगा असतानाच ते कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले, खडकी आणि पुण्याच्या लढायांत होते, आणि १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावोगावी फिरताना त्यांनी जमीन, पिके, लोकसंख्या यांबरोबर पक्षी आणि मासेही नोंदले. १८३२ मध्ये त्यांनी पक्ष्यांना दिलेल्या शास्त्रीय नावांत देवा, रामा आणि महरत्तेन्सिस ही आहेत. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेचेही. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. दख्खनच्या खेड्यांचे इतक्या बारकाईने निरीक्षण त्या काळात फार थोड्यांनी केले.

हिंदुस्थानात नोकरी केलेल्या कुणा साइक्सचे इंग्लंडमधले गाव शोधायचे असेल तर तीन जागा पाहा. पहिली, फिबिस या संस्थेची फुकट सूची. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचे जन्म, विवाह, दफन, थडगी, बोटींचे प्रवासी यांच्या नोंदी तिथे स्वयंसेवकांनी उतरवल्या आहेत. दुसरी, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर. चर्चच्या नोंदींच्या प्रती इलाख्यानुसार लावलेल्या आहेत: बंगालला एन/१, मद्रासला एन/२, मुंबईला एन/३. पुणे, खडकी, अहमदनगर, सोलापूर यांच्या छावण्यांतल्या नोंदी या तिसऱ्या मालिकेत पाहायच्या. आई हिंदुस्थानी असेल तर तिचे नाव पुष्कळदा गाळलेले असते किंवा नुसते पहिले नाव दिलेले असते. म्हणून बापाची पलटण आणि हुद्दा टिपून ठेवा, पुढचा माग त्यावरूनच लागतो. इथल्या एखाद्या ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन कुटुंबाचे आडनाव साइक्स असेल, तर बाप्तिस्म्याच्या वेळी ते कुणाकडून मिळाले हे आधी पाहा.

तिसरी जागा म्हणजे कंपनीच्या फौजेत दाखल होणाऱ्या उमेदवारांची कागदपत्रे, त्याच दप्तरातली एल/एमआयएल/९ ही मालिका. १७८९ पासूनचे हे कागद आहेत. उमेदवाराला वय सिद्ध करण्यासाठी इंग्लंडमधल्या आपल्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला आणावा लागे आणि तो अर्जाला जोडलेला असे. त्यावर पॅरिशचे नाव, तारीख आणि आई-बापांची नावे असतात. ते हाती आले की चौथ्या पायरीवरच्या वह्या उघडायच्या.